शेवंताकाकूची पाठ

कार्तिक लागला की साकोलीच्या आसपासची हवा बदलते. कापलेला धान बांध्यांमध्ये, भाताच्या त्या बांध घातलेल्या तुकड्यांत, उन्हात पडलेला असतो, त्याचा कोरडा, थोडा गोडसर वास रस्त्यापर्यंत येतो. हल्ली बहुतेक बांध्यांमध्ये हार्वेस्टर फिरतं. एका दुपारात चार घरांचं शेत रिकामं करून जातं. पण तलावाखालच्या ओल्या बांध्यांत मशीन रुततं. तिथं अजून बायाच उतरतात. हातात इळा, कंबर वाकलेली, सकाळपासून उन्हं कलेपर्यंत. आणि मग दोन-चार दिवसांनी त्याच बाया माझ्या दवाखान्याच्या बाकावर येऊन बसतात. एक हात कमरेवर, एक गुडघ्यावर.

"मॅडम, कंबर मोडून राहिली. जरा दाबून द्या."

मी लगेच दाबून देत नाही. कधीपासून दुखतं, झोपल्यावरही दुखतं का, संध्याकाळी अंग तापतं का, जेवण जातं का, अंगावरचे कपडे सैल झालेत का, लघवीला काही त्रास आहे का, हे सगळं विचारते. माझा हात पाठीला सगळ्यात शेवटी लागतो. बायांना याचा राग येतो. मागच्या आठवड्यात एकीनं तोंडावरच विचारलं, "कंबर दुखते म्हणून आली बाप्पा, अन् तुम्ही वजन काहून विचारून राहिल्या?"

मी हसले. पण या दिवसांत असं काही विचारताना माझ्यासमोर बाकावरची बाई नसतेच. समोर शेवंताकाकू असते, आमच्या अंगणात, बाजेवर पालथी झोपलेली.

त्या वर्षी मी फिजिओथेरपीच्या शेवटच्या वर्षाला होते, नागपूरला. आमच्या एकोडीजवळच्या गावात हा शब्द कोणाच्या तोंडात बसत नव्हता. बाबा शाळेत शिपाई होते. कोणी विचारलं की ते सांगायचे, "पोरगी हाडाची डॉक्टरीन होऊन राहिली." मी आधी दुरुस्ती करायचे, नंतर सोडून दिली. खरं सांगायचं तर मला ते ऐकायला आवडायला लागलं होतं.

मला शिक्षण आवडायचं, आणि त्यातही हातांचं शिक्षण. आमच्या मॅडम वहीच्या पानाखाली एक केस ठेवायच्या आणि डोळे मिटून बोटानं तो शोधायला लावायच्या. एका पानाखालचा सगळ्यांना लागायचा. मग दोन पानं, तीन, चार. वर्गात सगळ्यात जास्त पानांखालचा केस मला लागायचा. एकमेकींच्या पाठीवर आम्ही मणके मोजायचो. अंगठ्याखाली एकेक मणका ओळखीचा झाला होता. कुठला हलतो, कुठला अडतो, कुठल्याभोवतीचा स्नायू दोरीसारखा ताठला आहे. मणक्यावर ठरावीक जोरानं दाब देऊन तो मोकळा करण्याची एक पद्धत असते. कधी त्यात 'कट' असा आवाज येतो आणि समोरचा माणूस सुटल्यासारखा श्वास सोडतो. तो श्वास ऐकण्याची मला चटक लागली होती.

मॅडम एकच गोष्ट पुन्हापुन्हा सांगायच्या. आधी विचारा, मग बघा, हात शेवटी. आम्ही ते वहीत लिहून घेतलं होतं. मी तर लाल शाईनं.

परीक्षेआधीच्या सुटीत मी घरी आले तेव्हा कापणी जोरात होती. गावात दिवसा माणूस दिसत नव्हतं. सकाळी धुकं विरायच्या आत बाया निघून जायच्या आणि संध्याकाळी परतायच्या, त्या वाकलेल्याच. मी अंगणात बाज टाकून पुस्तकं घेऊन बसायचे. बाजेच्या पायाशी कोंबड्या, समोर घरी आणून रचलेल्या धानाचा पुंजणा, त्याच्यावर उतरणाऱ्या चिमण्या. पानं उलटताना धानाची कुसं पुस्तकात यायची. अजूनही त्या पुस्तकाच्या शिवणीत एखादं सापडतं.

तिसऱ्या की चौथ्या दिवशी आईनं कोणाला तरी सांगितलं, रंजू कंबर मोकळी करून देते. झालं. संध्याकाळी अंगणात बाया जमायला लागल्या. मी कोणाचा खांदा फिरवून द्यायचे, कोणाला व्यायाम दाखवायचे, कोणाची कंबर दाबायचे. "हलकं वाटलं बाई" म्हणत त्या उठायच्या. आई चहा ठेवायची. बाबा पारावर जाऊन सांगायचे. एकवीस-बावीस वर्षांच्या पोरीला यापेक्षा आणखी काय लागतं!

शेवंताकाकू आमच्या भिंतीला भिंत लागून राहायची. ती आणि काकाजी, दोघंच. मुलगी लग्न होऊन अड्याळकडे गेलेली. कापणीत काकूचा हात धरणारं गावात कोणी नव्हतं. बांधीत ती सगळ्यांत पुढे असायची आणि बाकीच्या बाया तिच्या मागं मागं. तिचा इळा चालायचा तेव्हा कापायचा आवाज वेगळा ऐकू यायचा, न तुटता, एका तालात. लहानपणी तिनं मला तलावावर पोहायला शिकवलं होतं. मी दहावी पास झाले तेव्हा माझ्या आईआधी तीच रडली होती.

त्या वर्षी मात्र ती मागे पडत होती. हे मी आईकडून ऐकलं होतं. ऐकलं, आणि सोडून दिलं.

ती आली तेव्हा ऊन होतं, तरी तिनं पदर अंगाभोवती घट्ट ओढून घेतला होता. बाजेवर बसली तेव्हा हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत सरकल्या.

"रंजू, दोन महिने झाले वं. पाठीत एकाच जागी दुखते. झोपलं तरी दुखते."

"काम किती करतेस काकू!" मी म्हणाले.

"संध्याकाळी अंगही कणकण करते."

"थंडी पडायला लागली ना. झोप पालथी."

दोन वाक्यं. दोन्ही तिनं न विचारता सांगितली होती. पुस्तकात ज्यांच्याखाली मी रेघ ओढली होती तीच. मी ती ऐकली आणि कापणीच्या खात्यात टाकून दिली, जशा सगळ्यांच्या कंबरा मी टाकत होते.

मी तिच्या पाठीवरून अंगठे खाली नेले. कमरेच्या थोडं वर एक मणका जरासा बाहेर आलेला लागला. अगदी जरासा. दुसऱ्या कोणाला कदाचित लागलाही नसता. मला लागला. आणि मला काय वाटलं, ते मी इतक्या वर्षांत कोणालाही धड सांगू शकलेले नाही. मला आनंद झाला. सापडलं, असं वाटलं. मी त्या जागी दाब दिला.

काकूला बरं वाटलं. निदान ती तसं म्हणाली. दुसऱ्या दिवशी पुन्हा आली. तिसऱ्या दिवशी मी थोडा जास्त जोर लावला, आणि 'कट' असा आवाज आला. काकूनं श्वास सोडला. काही वेळ ती तशीच पडून राहिली. मग भिंतीला हात लावून उठली आणि म्हणाली, "जमलं वं तुले. आता अभ्यास कर."

त्याच्या दुसऱ्या दिवशी मी नागपूरला गेले.

दुसऱ्या की तिसऱ्या पेपरात तो प्रश्न आला. मणक्यावर हातानं उपचार कधी करू नयेत, ती लक्षणं लिहा. मला इतकं चांगलं येत होतं की मी तो सगळ्यात आधी घेतला. पहिला मुद्दा, विश्रांतीतही न थांबणारी वेदना. दुसरा, संध्याकाळचा बारीक ताप. तिसरा, वजन उतरणं. चौथा मुद्दा लिहायला घेतला, मणक्यांच्या रांगेत एखादा मणका बाहेर आलेला लागणं, आणि माझा पेन थांबला.

हॉलमध्ये पंखा फिरत होता. पुढच्या बाकावरची मुलगी पुरवणी मागायला हात वर करत होती. माझे दोन्ही अंगठे टेबलाच्या काठावर होते, आणि त्यांच्याखाली ती पाठ होती. उबदार, हाडकुळी, थोडी घामेजलेली. मणक्याचा क्षय. शब्द मनात आला तेव्हा मी आजूबाजूला बघितलं, कोणी ऐकलं का म्हणून.

मग मी उत्तर पूर्ण केलं. व्यवस्थित, मुद्दे पाडून, आकृतीसह. त्या पेपरात मला वर्गात सगळ्यात जास्त गुण मिळाले.

बाहेर येऊन बाबांना फोन केला.

"बाबा, शेवंताकाकू कशी आहे?"

"बरी हाये. कामाले नाही जाऊन राहिली, थकली मनते. काहून?"

"काही नाही. तिला म्हणावं भंडाऱ्याला जाऊन पाठीचा फोटो काढून घे."

"काही डेंजर हाये का?"

आता. आता सांगायचं होतं. पण सांगितलं असतं तर त्यांनी पुढचं विचारलं असतं, की तुला कसं कळलं, आणि मग तू तिची पाठ दाबली ती कशाला. आणि माझे अजून पेपर होते, मग प्रात्यक्षिकं. मी आवाज सहज ठेवून म्हणाले, "तसं नाही. कापणी झाली की नेलं तरी चालेल."

कापणी झाली की नेलं तरी चालेल. माझ्या तोंडचं वाक्य. ते मला आजही सकाळी भांडी घासताना, गाडी चालवताना, कोणाच्या लग्नात अक्षता टाकताना मध्येच ऐकू येतं. ऐकू येतं ते माझ्याच आवाजात, त्या वयाच्या, हलक्या, गोड आवाजात.

परीक्षा संपवून मी गावात उतरले त्या दिवशी काकूच्या दाराशी काकाजी उभे होते. मला बघून त्यांनी नुसता हात हलवला, आत ये म्हणून. काकू जमिनीवर बसून दोन्ही हातांनी सरकत मोरीकडे चालली होती. पाय मागून येत होते, दुसऱ्या कोणाचे असल्यासारखे.

"कधीपासून?" मी विचारलं.

"चार दिवस झाले," काकाजी म्हणाले. "आधी अडखळे. मंग भिंत धरून चाले. आता हे असं. मले मने, रंजू येऊ द्या, थे पाहीन."

मी जीप मिळवली. भंडाऱ्याला नेलं, तिथून नागपूरला. दोन मणके आतून पोखरले होते, आणि पू मज्जारज्जूवर दाबत होता. ऑपरेशन झालं. क्षयाची औषधं सुरू झाली, वर्षाच्या वर चालणारी.

मी मॅडमकडे गेले. त्या स्टाफरूममध्ये डबा खात होत्या. मी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं, अंगणापासून फोनपर्यंत. त्यांनी डब्याचं झाकण लावलं.

"माझ्या दाबण्यानं झालं का, मॅडम?"

त्यांनी डबा बाजूला सरकवला. मग म्हणाल्या, "आजार आधीपासून होता. तू हात लावला नसतास तरी पाय गेले असते, कदाचित. कदाचित इतक्या लवकर नसते गेले. हे नक्की कोणालाच सांगता येणार नाही, मलाही नाही. तुला हे न कळता जगावं लागेल."

मी रडायला लागले. त्यांनी मला रडू दिलं, पण जवळ घेतलं नाही. त्याबद्दल मी त्यांची अजून ऋणी आहे. रडणं थांबल्यावर त्या म्हणाल्या, "उद्या सकाळी आठला वॉर्डमध्ये ये. त्या बाईंना आपण दोघी उभं करू."

निकाल लागायचा होता. मी रोज आठला जायचे. सुरुवातीला काकूचे पाय माझ्या हातात नुसते जड असायचे. मी गुडघा वाकवायचे, सरळ करायचे, घोटा फिरवायचे, टाचांना जखम होऊ नये म्हणून खाली उशी सरकवायचे. काकू छताकडे बघत गावच्या गोष्टी विचारायची. कोणाचं चुरणं, म्हणजे मळणी, झालं, कोणाच्या पुंजण्यात उंदीर लागले. वॉर्डमधल्या बायांना ती माझ्याकडे बोट दाखवून सांगायची, "आमच्या गावची हाये. लहानपणी म्या पोहाले शिकवली." प्रत्येक नव्या पेशंटला सांगायची. मी मान खाली घालून घोटा फिरवत राहायचे.

एका सकाळी उजव्या पायाचा अंगठा हलला. मला वाटलं माझ्याच हाताचा झटका असेल. मी हात काढून घेतला.

"काकू, पुन्हा हालव."

काकूनं डोळे घट्ट मिटले. कपाळावर शीर आली. अंगठा हलला. धानाच्या लोंबीवर वारा लागावा इतपत.

"हालला?" तिनं डोळे न उघडता विचारलं.

"हालला वं काकू."

शेजारच्या कॉटवरची म्हातारी टाळ्या वाजवायला लागली. मी बाथरूममध्ये गेले आणि नळ सोडून उभी राहिले.

नंतरचे महिने लांब होते. आधी कॉटच्या काठावर बसणं, मग दोन दांड्यांमध्ये उभं राहणं, मग वॉकर. मी इंटर्नशिप तिथंच केली. उजवा पाय बराचसा परत आला. डावा आला नाही. त्याचं पाऊल खाली लोंबतं, चालताना जमिनीला घासतं. काकू काठीनं चालते, अंगणातल्या अंगणात, कधी रस्त्यापर्यंत. बांधीच्या चिखलात ती पुन्हा उतरली नाही. पहिल्या वर्षी कापणीच्या दिवसांत ती दारात खुर्ची टाकून बसली होती आणि बाया रांगेनं शेताकडे निघाल्या होत्या. त्यांच्यातल्या एकीनं जाता जाता म्हटलं, "काकू, तुह्याबिगर बांधी सरतच नाही." काकू हसली. रांग वळणाआड गेल्यावरही ती हसतच होती, कोणी नसताना. मी ते आमच्या अंगणातून बघितलं.

पुढं मी साकोलीला दवाखाना काढला. लग्न झालं, मुलगी झाली. दर आठवड्याला काकूकडे जात राहिले, पायाला व्यायाम देत राहिले. गाव म्हणायचं, रंजू किती करते पहा शेजारणीचं. ते ऐकलं की मी विषय बदलायचे. आणि दर कार्तिकात ठरवायचे, या वर्षी काकूला सांगायचं. काय झालं होतं, मला कधी कळलं होतं, आणि मी फोनवर काय बोलले होते. दर कार्तिकात धान कापला जायचा, चुरला जायचा, आणि मी सांगितलेलं नसायचं.

गेल्या वर्षी सांगितलं. काही विशेष घडलं नव्हतं. रविवारची दुपार होती, काकाजी बाजारात गेले होते. काकू खुर्चीवर बसून नवे तांदूळ पाखडत होती. मी तिच्या पायाशी पाटावर बसले होते, डावं पाऊल मांडीवर घेऊन.

"काकू, तुले एक सांगायचं हाये. लय दिवसांचं."

मी सांगितलं. सगळं सांगितलं. पेपरातला प्रश्नही.

सुपाचा आवाज थांबला नाही. माझं बोलणं संपल्यावर ती म्हणाली, "तुह्या हातानं झालं असंच ना? मले वाटलंच होतं, तुले तसं वाटत असंन. दवाखान्यात तू माह्या तोंडाकडे पाहतच नव्हतीस."

"तुले माहीत होतं?"

"मले दुसरंच माहीत हाये." तिनं सुपातला खडा उचलून बाजूला टाकला. "त्या तिसऱ्या दिवशी तुह्या अंगणातून घरी गेली, तं या पायाले मुंग्या आल्या. सकाळी पायातली चप्पल रस्त्यात गळून गेली, अन् मले समजलंच नाही. एक पोट्टी मागून घेऊन आली, मने, काकू तुही चप्पल."

मी विचारलं, "कोणाले सांगितलं काहून नाही?"

"कशी सांगू? तुह्या मायनं सांगितलं होतं, पोट्टीची शेवटची परीक्षा हाये. तुह्या बाबाले सांगितलं असतं तं त्यानं तुले फोन केला असता. तू पेपर सोडून धावत आली असतीस. मले माहीत नाही का तू?" तिनं सूप पुन्हा हलवलं. "तुह्या बाबानं सांगितलं होतं मले, भंडाऱ्याले जा, फोटो काढ. म्या मनलं, बरी हावो. मनलं, हिचे पेपर होऊन जाऊ दे."

अंगणात ऊन होतं. कोणाच्या तरी खळ्यावर मळणीचं मशीन चालू होतं, त्याचा भुसा हवेत तरंगत होता. इतकी वर्षं मला वाटत होतं की ते दिवस मी एकटीनं वाया घालवले. त्याच दिवसांत ही बाई भिंत धरून चालत होती आणि कोणी दिसलं की भिंत सोडून उभी राहत होती.

"रंजू," काकू म्हणाली. सूप आता तिच्या मांडीवर स्थिर होतं. "तू शिकलेली हायेस, खरं सांग. तवाच गेली असती, चप्पल गळली त्याच दिवशी, तं हा पाय वाचला असता का वं?"

याचं उत्तर मला येतं. मज्जारज्जूवर दाब असताना एकेका दिवसाचं काय मोल असतं, हे मी आता शिकाऊ मुलींना शिकवते. टेबलावर हात आपटून शिकवते. पाऊल माझ्या मांडीवर होतं, थंड, हलकं. काकू माझ्या तोंडाकडे बघत होती.

"नाही काकू," मी म्हणाले. "तवा गेली असतीस तरी एवढंच झालं असतं."

"मंग बरं झालं," काकू म्हणाली, आणि पुन्हा तांदूळ पाखडायला लागली.